बद्धकोष्ठ आधी, कंप नंतर: पार्किन्सनचे निदान आतड्यातून होईल का?

सांजवेळ (धागाकर्ती)

नमस्कार. माझ्या सासूबाईंना ११ वर्षे पार्किन्सन (कंपवात) होता आणि गेल्या वर्षी त्या गेल्या. त्या आजारपणाचा आमच्या घराने जो धसका घेतला आहे, त्यातून हा धागा निघाला आहे. महिन्याभरापूर्वी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणीतरी एक मजकूर पाठवला. पार्किन्सन मेंदूत नव्हे तर पोटात सुरू होतो, म्हणून ज्यांना जुने बद्धकोष्ठ आहे त्यांनी आतड्याची तपासणी करून घ्यावी, असा त्याचा आशय होता. माझे धाकटे दीर ५८ वर्षांचे आहेत आणि त्यांची पोटाची तक्रार जुनी आहे. तो मजकूर आल्यापासून ते चहाचा कप हातात धरला की आधी कपाकडे बघतात, आणि ही तपासणी पुण्यात होते की मुंबईत, याची चौकशी करत असतात.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवत असे. त्यामुळे मजकूर खोटा म्हणून सोडून देण्याआधी त्यामागे काय आहे ते वाचावे असे ठरवले, आणि वाचल्यावर असे दिसले की तो धड खोटाही नाही आणि धड खराही नाही.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ मध्ये 'शेकिंग पाल्सी'वर जो निबंध लिहिला, त्यात अवघ्या सहा रुग्णांचे वर्णन आहे आणि त्यांतले काही तर त्यांनी नुसते रस्त्यात पाहिलेले होते. तरीही पोटाची तक्रार त्यांच्या नजरेतून सुटली नाही. आजार वाढत जातो तसे आतडे इतके सुस्तावते की जोरकस रेचके द्यावी लागतात, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. म्हणजे पोट आणि हा आजार यांचा संबंध दोनशे वर्षांपासून माहीत आहे. नवा आहे तो त्यांचा क्रम. ज्याला आजाराचा परिणाम समजत होते, ती कदाचित त्याची सुरुवात असेल असे आता काही संशोधक म्हणतात.

ही उलटी मांडणी प्रामुख्याने फ्रँकफर्टचे हाइको ब्राक यांची. अल्फा-सिन्युक्लिन नावाचे एक प्रथिन चुकीच्या पद्धतीने दुमडले की त्याच्या गुठळ्या चेतापेशींत साचत जातात. ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासून २००३ मध्ये या साचण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या. हालचाली सुरळीत ठेवणारे डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या आणि या आजारात नष्ट होणाऱ्या पेशी मेंदूच्या मधल्या भागात असतात, पण गुठळ्या तिथे पहिल्यांदा दिसत नाहीत. त्याआधी त्या वास ओळखणाऱ्या भागात आणि मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाला, व्हेगस नसेच्या उगमापाशी दिसतात. व्हेगस नस तिथून थेट जठर आणि आतड्यापर्यंत उतरते. तेव्हा रोगाचे मूळ आतड्यात असावे आणि ते या नसेच्या वाटेने वर चढत असावे, असा त्यांचा तर्क आहे.

दुसरा आधार हवाईमधला आहे. तिथे राहणाऱ्या जपानी वंशाच्या ६,७९० पुरुषांना १९७१ ते १९७४ या काळात शौचाला दिवसातून किती वेळा होते हे विचारून ठेवले होते आणि पुढे २४ वर्षे त्यांचा मागोवा घेतला गेला. त्यांच्यापैकी ९६ जणांना पार्किन्सन झाला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की ज्यांना रोज एकदाही होत नव्हते, त्यांच्यात आजाराचे प्रमाण रोज एकदा होणाऱ्यांच्या २.७ पट होते, आणि प्रश्न विचारल्यापासून आजार कळेपर्यंत सरासरी १२ वर्षे गेली होती.

माझे प्रश्न दोन आहेत. आतडे तपासून पार्किन्सनचे निदान आज करता येते का? आणि येत नसेल, तर ५८ वर्षांच्या घाबरलेल्या माणसाला नेमके काय सांगावे?


लोलक

मी अनेक वर्षे विकृतिशास्त्रात, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ऊती पाहण्यात घालवली आहेत, त्यामुळे पहिल्या प्रश्नाबद्दल बोलतो.

ज्या गुठळ्यांचा तुम्ही उल्लेख केला, त्यांना लेवी बॉडी म्हणतात. फ्रेडरिक लेवी या तरुण जर्मन डॉक्टरने १९१२ मध्ये त्यांचे वर्णन केले, आणि गंमत अशी की त्याला त्या ज्या ठिकाणी दिसल्या त्यांत व्हेगस नसेचे केंद्रही होते. डोपामिनच्या काळपट पेशींतही त्या असतात हे पॅरिसमध्ये त्रेत्याकोव्ह यांनी १९१९ साली दाखवले आणि त्यांना लेवीचे नावही त्यांनीच दिले. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे सगळ्यांचे लक्ष त्या काळपट पेशींवर खिळून राहिले. कंपाचे कारण तिथेच होते आणि उपचारही तिथेच लागू पडत होता, त्यामुळे ते स्वाभाविकच होते. लेवी बॉडी अल्फा-सिन्युक्लिनची बनलेली असते हे मात्र १९९७ मध्येच कळले. दक्षिण इटलीतील कोन्तुर्सी या गावच्या एका मोठ्या कुटुंबात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता आणि त्यांच्यात या प्रथिनाच्या जनुकातील दोष त्याच वर्षी सापडला.

आता आतड्याबद्दल. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करताना आतड्याचा छोटा तुकडा घ्यावा, त्यावर या प्रथिनाला रंगवणारे द्रव्य टाकावे आणि रंग दिसला की निदान करावे, ही कल्पना आकर्षक आहे आणि अनेक प्रयोगशाळांनी ती करून पाहिली. अडचण अशी की हे प्रथिन निरोगी माणसाच्या आतड्यातही असते. अपेंडिक्समध्ये तर त्याच्या गुठळ्यासुद्धा निरोगी लोकांत सापडल्या आहेत; तसे दाखवणारा अभ्यास २०१८ चा आहे. शिवाय कोलोनोस्कोपीत निघतो तो वरवरचा पापुद्रा, आणि आतड्याच्या भिंतीतले चेतापेशींचे मुख्य जाळे त्याच्या बरेच खाली, स्नायूंच्या थरांमध्ये असते. तुकडे कुणाचे हे न सांगता तज्ज्ञांना तपासायला दिले, तेव्हा रुग्ण आणि निरोगी यांतला फरक भरवशाने सांगता आला नाही. माझ्या टेबलावर असा तुकडा आला असता तर त्यावर 'पार्किन्सन' असा अहवाल मी लिहिला नसता.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. दिरांनी त्यासाठी कोलोनोस्कोपी करू नये. पोटाच्या कारणासाठी ती करावी लागेल का, हा वेगळा मुद्दा आहे आणि त्याबद्दल शेवटी लिहितो.

एक चाचणी मात्र खरोखर पुढे गेली आहे. रुग्णाच्या पाठीतून काढलेल्या मणक्यातील पाण्याचा थेंब सरळ दुमडलेल्या अल्फा-सिन्युक्लिनमध्ये मिसळायचा. पाण्यात वाकडे दुमडलेले बीज असेल तर ते बाकीच्या प्रथिनालाही वाकडे करत जाते आणि ती वाढ यंत्रावर मोजता येते. विरजणाचा दाखला दिला तर इथे सर्वांना लगेच कळेल. २०२३ मध्ये १,१२३ जणांवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पार्किन्सनच्या ८७.७ टक्के रुग्णांत ही चाचणी होकारार्थी आली आणि निरोगी गटातील ९६.३ टक्के लोकांत नकारार्थी. त्वचेच्या तीन ठिकाणांहून कण काढून केलेल्या दुसऱ्या एका तपासणीचे आकडे २०२४ मध्ये आले आणि तेही चांगले आहेत. मात्र अल्फा-सिन्युक्लिन साचणारे इतर आजारही त्या तपासणीत होकारार्थीच येतात, म्हणजे नेमका कोणता आजार आहे हे ठरवायला पुन्हा डॉक्टरांचे डोळे लागतात.


गोदाकाठ

मी संख्याशास्त्राचा शिक्षक आहे आणि '२.७ पट' हा शब्दप्रयोग वाचला की मी आधी मूळ संख्या शोधतो. हवाईच्या त्याच अभ्यासात ती दिलेली आहे. ज्यांना रोज एकदाही शौचाला होत नव्हते, त्यांच्यात दर १०,००० पुरुषांमागे वर्षाला सुमारे १९ जणांना आजार झाला. म्हणजे बद्धकोष्ठ असलेल्या उरलेल्या ९,९८१ जणांना त्या वर्षी तो झाला नाही.

आता समजा की एक काल्पनिक चाचणी आहे, जी खऱ्या रुग्णांपैकी ९० टक्के पकडते आणि निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांना निरोगीच म्हणते. ती या १०,००० जणांवर केली तर १९ पैकी १७ जण सापडतील, पण ९,९८१ निरोगी माणसांपैकी ५ टक्के, म्हणजे सुमारे ४९९ जण, विनाकारण होकारार्थी येतील. ज्यांच्या हातात 'होय' असा कागद पडेल त्या ५१६ जणांत खरे रुग्ण १७. कुणी म्हणेल की एका वर्षाचा हिशोब अन्यायकारक आहे, आजार आधीच सुरू झालेला असतो. मान्य. १० वर्षांत होणारे १९० रुग्ण धरले आणि चाचणी त्या सर्वांना आजच ओळखते असे गृहीत धरले, तरीही १७१ खरे आणि ४९० खोटे. चार जणांना घाबरवावे तेव्हा त्यांतला एक खरा निघेल, आणि त्या एकालाही आजार थांबवणारे औषध आज देता येणार नाही.

आपल्याकडचा एक आकडा सोबत ठेवावा. मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन केलेली पाहणी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली होती. १४,०१० लोकांत ४६ रुग्ण, म्हणजे लाखामागे ३२८. त्या समाजात वृद्धांचे प्रमाण जास्त आहे, हे ध्यानात घेऊनच तो वाचायला हवा. बद्धकोष्ठाची पाहणी त्याच वसाहतींत केली असती तर किती जण सापडले असते, याची कल्पना प्रत्येकाने आपापल्या घरावरून करावी.


उत्तरध्रुव

मी डेन्मार्कमध्ये ऑर्हुस येथे राहतो. इथे जन्मापासून प्रत्येकाला एक क्रमांक असतो आणि रुग्णालयातील प्रत्येक शस्त्रक्रिया त्या क्रमांकावर नोंदली जाते. व्हेगसचा तर्क माणसांवर तपासता आला तो अशा नोंदींमुळे.

अ‍ॅसिड कमी करणारी आजची औषधे येण्यापूर्वी जठराच्या अल्सरवर व्हेगस नस कापण्याची शस्त्रक्रिया सर्रास केली जात असे. काहींची मुख्य नसच कापली जाई, काहींच्या फक्त जठराकडे जाणाऱ्या बारीक शाखा. ब्राक यांचे म्हणणे खरे असेल तर पहिल्या गटात पार्किन्सन कमी दिसायला हवा, कारण वर चढण्याचा जिनाच काढून टाकलेला आहे. २०१५ मध्ये इथल्या संशोधकांना तसे दिसले. परंतु त्याच वर्षी डेन्मार्कच्याच नोंदी वापरून दुसऱ्या गटाने केलेल्या विश्लेषणात तो फरक ठामपणे टिकला नाही. स्वीडनच्या २०१७ च्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले ९,४३० जण होते. सर्वांचा एकत्र विचार केला तर धोका कमी झालेला दिसला नाही. मुख्य नस कापून किमान ५ वर्षे झालेल्यांत मात्र तो सुमारे ४० टक्क्यांनी कमी होता. संपूर्ण गटात न दिसलेली गोष्ट एका उपगटात दिसली की मी तिच्याकडे जरा साशंकतेने पाहतो, हे कबूल करतो.

उंदरांवर व्हेगसची ही वाट अधिक स्पष्ट दिसते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने २०१९ मध्ये उंदरांच्या जठराच्या व लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भिंतीत वाकड्या प्रथिनाचे तंतू टोचले. ते मेंदूपर्यंत पोहोचले, डोपामिनच्या पेशी मेल्या आणि उंदीर मंदावले. ज्यांची व्हेगस आधीच कापली होती त्यांना काही झाले नाही. वाट आहे हे यावरून सिद्ध होते. प्रत्येक रुग्णात रोग त्याच वाटेने येतो हे त्यावरून सिद्ध होत नाही.

इथल्या विद्यापीठातील पेर बोर्गहामर यांनी म्हणूनच दोन प्रकार मांडले आहेत: काहींत रोग शरीरात सुरू होऊन मेंदूकडे जातो, काहींत मेंदूत सुरू होऊन खाली उतरतो. हृदयाच्या चेतातंतूंचे, आतड्याचे आणि मेंदूतील डोपामिनचे वेगवेगळे स्कॅन एकाच रुग्णाचे करून त्यांच्या गटाने २०२० मध्ये याला आधार दिला. ज्यांना झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडण्याचा विकार होता, त्यांच्यात हृदय आणि आतडे आधी बाधित झालेले दिसले, मेंदू नंतर. इतरांत हा क्रम उलटा होता. मला ही मांडणी ब्राक यांच्या एकाच जिन्यापेक्षा पटते, कारण बद्धकोष्ठ कधीच न झालेले पार्किन्सनचे रुग्ण आपण सर्वांनी पाहिलेले आहेत.


देवराई

इथे पोटातून मेंदूकडे जाण्याची चर्चा चालली आहे. माझ्या वडिलांच्या बाबतीत पोट आणि कंप यांचा संबंध खराच होता, पण तो यांतल्या कोणत्याच वाटेने आलेला नव्हता. थोडे सविस्तर लिहितो, कारण हे बऱ्याच घरांत घडत असावे.

वडील ७१ वर्षांचे होते. जेवणानंतर पोट फुगणे, ढेकरा, छातीत जळजळ अशी तक्रार होती. गावातल्या डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक कॅप्सूल महिनाभरासाठी लिहून दिली. तिने आराम पडला, म्हणून वडिलांनी ती चालूच ठेवली. जुनी चिठ्ठी दाखवली की दुकानदार देत असे, आणि पुढे चिठ्ठीही मागेनासा झाला. असे सुमारे १४ महिने गेले. मग ते हळू चालू लागले. चेहरा मख्ख झाला. बँकेतली सही जुळेना, कारण अक्षर बारीक होत गेले होते. दोन्ही हात थरथरत. एका रुग्णालयात पार्किन्सनचे निदान होऊन लेव्होडोपा (मेंदूत जाऊन डोपामिन बनणारे औषध) सुरू झाली, पण तीन महिन्यांत फारसा फरक पडला नाही. आईने तोपर्यंत घरातली सतरंजी उचलून ठेवली होती, त्यांचा पाय अडकू नये म्हणून.

दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो तेव्हा त्यांनी आधीच फोनवर सांगून ठेवले होते की घरातील सर्व औषधे, अगदी बाम आणि चूर्णासकट, पिशवीत घालून आणा. त्यांनी ती टेबलावर ओतली, एकेक स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षर वाचले आणि ही कॅप्सूल बाजूला काढली. अ‍ॅसिडिटीच्या औषधासोबत त्यात लेव्होसल्पिराइड हे दुसरे औषध होते. ते डोपामिनला अडवते. पोटात ते अडवले की जठर लवकर रिकामे होते, म्हणून ते पोटफुगीला देतात. पण ते मेंदूतही पोहोचते आणि तिथेही तेच करते.

कॅप्सूल बंद केली. एक महिना काहीच झाले नाही आणि आमचा धीर सुटत चालला होता. नंतर हळूहळू फरक पडत गेला आणि पाचव्या महिन्यात वडील एकटे भाजी आणायला गेले. लेव्होडोपाही डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने थांबवली.


लोलक

देवराई, हा प्रतिसाद मूळ लेखाच्या खालोखाल महत्त्वाचा आहे असे मला वाटते. वैद्यकात याला औषधजन्य पार्किन्सनिझम म्हणतात. उलटी थांबवणारे मेटोक्लोप्रमाइड हे त्यातले जुने नाव, लेव्होसल्पिराइड हे आपल्याकडे फार खपणारे, आणि चक्कर किंवा अर्धशिशीसाठी देतात त्या सिनॅरिझिन आणि फ्लुनारिझिन याही याच यादीत येतात. मानसिक आजारांवरील अनेक औषधेही येतात, मात्र ती अत्यावश्यक असतात आणि कुणीही परस्पर बंद करू नयेत. उलटीसाठी डॉम्पेरिडोन हे मेंदूत सहसा पोहोचत नाही, म्हणून पार्किन्सनच्या रुग्णाला गरज पडल्यास हृदयाचा आलेख पाहून ते दिले जाते.

वडिलांचा डोपामिन स्कॅन झाला होता का? आपल्याकडे बहुधा ट्रोडॅट नावाने तो होतो. खऱ्या पार्किन्सनमध्ये डोपामिन सोडणारी टोकेच नष्ट झालेली असतात, त्यामुळे स्कॅनवरची स्वल्पविरामासारखी आकृती झिजून टिंबासारखी उरते. औषधाने आलेल्या प्रकारात टोके शाबूत असतात, फक्त पलीकडचे दार बंद असते, म्हणून स्कॅन सर्वसाधारण दिसतो.


देवराई

झाला होता आणि तो सर्वसाधारण आला होता. डॉक्टरांनी तो कॅप्सूल बंद केल्यानंतर करवून घेतला. त्यांचे म्हणणे असे होते की काही जणांत मूळ आजार आधीच दबा धरून बसलेला असतो आणि असे औषध त्याला फक्त उघडे पाडते. तसे नाही ना, हे त्यांना पाहायचे होते.


कुंपण

संशोधन वाचून माहितीत भर पडली. एक प्रश्न विचारतो. आमच्याकडे एक वैद्य कंपवातावर खाजकुइलीच्या बियांचे चूर्ण देतात आणि त्याने पोटही साफ राहते असे म्हणतात. यात तथ्य आहे का, की ही नुसती श्रद्धा आहे?


वाटाड्या

कुंपण, पत्नीची शुश्रूषा ९ वर्षे करतो आहे, त्यामुळे या प्रश्नाचा अभ्यास नाइलाजाने झाला. खाजकुइलीत लेव्होडोपा खरोखरच असते. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी ती या बियांतून १९३७ मध्ये वेगळी काढली होती, म्हणजे पार्किन्सनवर लेव्होडोपा वापरण्याच्या कितीतरी आधी. मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चूर्णाचा रुग्णांवरील अनुभव १९७८ मध्ये प्रसिद्धही केला. तेव्हा ती श्रद्धा नव्हे. पण म्हणूनच ते काळजीपूर्वक हाताळायचे औषध आहे. चमच्यात आज किती लेव्होडोपा गेली आणि उद्या किती जाईल हे सांगता येत नाही, आणि गोळीतली लेव्होडोपा चालू असताना वर हे घेतले तर मात्रा दुप्पटही होऊ शकते. घ्यायचेच असेल तर न्यूरॉलॉजिस्टला सांगून घ्यावे, लपवून नव्हे.

या धाग्यावर आजार पोटात सुरू होतो का याची चर्चा झाली. निदान झाल्यानंतर पोटाचे काय, हे कुणी लिहिले नाही, आणि आमचे दिवस तर त्यातच जातात. लेव्होडोपा लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषली जाते. जठर सुस्त असेल तर गोळी तिथे पोहोचतच नाही, तशीच जठरात पडून राहते, आणि माणूस खुर्चीत खिळून बसतो. पोहोचली तरी प्रथिनांशी तिची शर्यत असते, कारण दोघांना आत नेणारे वाहक एकच आहेत. आमच्याकडे सकाळची गोळी कपभर दुधाबरोबर देण्याची पद्धत होती आणि ११ वाजेपर्यंत पत्नीला उठता येत नसे. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, न्याहारीच्या पाऊण तास आधी द्यायला लागल्यावर तीच मात्रा पुरू लागली. उसळ आणि दही आता रात्रीच्या जेवणात असते. हे मला पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात दुसऱ्या एका शुभार्थीच्या मुलीने सांगितले. तिथे रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. सुरुवातीला मला हे शब्द जड वाटत, आता वाटत नाहीत.

आतड्यातले जिवाणूही आपला वाटा घेतात, हे २०१९ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवले. एंटेरोकॉकस जातीच्या जिवाणूंकडे असे एक विकर (एन्झाइम) असते जे लेव्होडोपाचे डोपामिन आतड्यातच करून टाकते, आणि आतड्यात झालेले डोपामिन मेंदूत शिरत नाही. एकाच मात्रेचा दोन रुग्णांवर वेगळा परिणाम का होतो, त्यामागे हेही एक कारण असू शकते.


कुंपण

मनापासून आभार. वैद्यबुवांना हे दाखवीन. जिवाणूंचा विषय निघालाच आहे तर विचारतो, निरोगी माणसाच्या विष्ठेतील जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा उपचार पार्किन्सनवर चालतो असे एका जाहिरातीत पाहिले.


उत्तरध्रुव

जाहिरातीवर पैसे घालवू नयेत. त्यावर नीट आखलेल्या चाचण्या झालेल्या आहेत. बेल्जियममधील गेंट येथील २०२४ च्या चाचणीत वर्षभराने थोडा फायदा दिसला, तर त्याच वर्षीच्या फिनलंडमधील चाचणीत खऱ्या आणि खोट्या उपचारांत रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण फरक दिसला नाही. याचा पक्का उलगडा होईपर्यंत हा उपचार प्रयोगाच्या चौकटीतच राहायला हवा.


सांजवेळ

सर्वांचे आभार. गोदाकाठ यांचे गणित मी कागदावर मांडून दिरांना दाखवले. '५१६ मध्ये १७' हे त्यांना २.७ पटीपेक्षा लवकर कळले. ते निवृत्त बँक कर्मचारी आहेत, कदाचित त्यामुळेही असेल.

लोलक, तुम्ही शेवटी लिहितो म्हणालात ते राहिले आहे.


लोलक

हो, राहिलेच. पन्नाशीनंतर बद्धकोष्ठ नव्याने सुरू झाले असेल, वाढले असेल, वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर पार्किन्सनचा विचार करण्याआधी मोठ्या आतड्याचा कर्करोग नाही याची खात्री करायला हवी, आणि त्यासाठी कोलोनोस्कोपी जरूर करावी. जुनीच तक्रार असेल तर थायरॉइड, रक्तातील साखर, कॅल्शियम आणि चालू औषधांची यादी पाहावी. लोहाच्या गोळ्या आणि रक्तदाबाची काही औषधे आतडे सुस्त करतात.

पार्किन्सनचे निदान आजही मुख्यतः माणसाला चालवून, बोटे आपटायला लावून, मनगट वाकवून होते. हालचालींत मंदपणा हवाच, आणि त्याच्या जोडीला स्थिर हाताचा कंप किंवा ताठरपणा. ही पद्धत अचूक आहे असा माझा दावा नाही. लंडनच्या मेंदूपेढीने १९९२ मध्ये हयातीत पार्किन्सनचे निदान झालेल्या १०० जणांचे मेंदू तपासले, तेव्हा ७६ जणांतच ते बरोबर निघाले होते. त्यानंतर निकष सुधारले आहेत, तरी सुरुवातीच्या वर्षात चूक होऊ शकते, आणि म्हणून चांगले डॉक्टर सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतात.

आधीच्या खुणांपैकी वजनदार खूण बद्धकोष्ठाची नाही. उत्तरध्रुव यांनी उल्लेख केलेला झोपेचा विकार तिच्यापेक्षा कितीतरी बोलका आहे. झोपेच्या प्रयोगशाळेत तो पक्का झालेल्या १,२८० जणांचा २४ केंद्रांनी मागोवा घेतला आणि १२ वर्षांत सुमारे ७३ टक्के जणांना पार्किन्सन किंवा त्याच्या जवळचा एखादा आजार झाला, असा निष्कर्ष २०१९ मध्ये आला. त्याची पहिली चाचणी फुकट आहे. शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारावे की हे झोपेत ओरडतात का, स्वप्नात भांडल्यासारखे हात चालवतात का, पलंगावरून पडले आहेत का. दिरांच्या पत्नीला विचारले आहे का?


सांजवेळ

विचारले. जाऊबाई म्हणाल्या की ते रात्रभर ओंडक्यासारखे पडलेले असतात आणि त्यांना फक्त घोरण्याचा त्रास होतो, म्हणजे जाऊबाईंना होतो.

रक्ततपासणीत थायरॉइड कमी काम करत असल्याचे निघाले आहे आणि त्याची गोळी परवापासून सुरू झाली. औषधांची पिशवीही ओतून पाहिली. तिच्यात पोटफुगीच्या कॅप्सूलची एक अर्धी संपलेली स्ट्रिप होती. मागचे बारीक अक्षर भिंगाने वाचले, त्यात लेव्होसल्पिराइड होते. दीर म्हणतात की ते ती लग्नकार्यानंतरच घेतात. फिजिशियनना दाखवून ती काढून टाकली आहे.